महिन्याचा किराणा, दोन दुकाने

आज महिन्याची यादी घेऊन मी मुद्दाम दोन ठिकाणी फिरलो: आधी डी-मार्टमध्ये, मग अपना बाजारमध्ये. पवईत २००२ साली सुरू झालेल्या डी-मार्टमध्ये डाळी, साखर आणि साबण छापील किमतीपेक्षा बरेच स्वस्त मिळाले. नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली सहकारातून उभ्या राहिलेल्या अपना बाजारमध्ये मात्र गोडा मसाला आणि भाजणी घेताना काउंटरवरच्या ताईंनी कोणता माल ताजा आहे हे आपणहून सांगितले, आणि हे सौजन्य मला सवलतीइतकेच मोलाचे वाटते.

खरा धडा मात्र तेलाने दिला. गेल्या महिन्यात एका तिसऱ्याच दुकानातून आणलेली स्वस्त पिशवी घरी आल्यावर नीट पाहिली, तेव्हा तिच्यावर ८५० ग्रॅम असे छापलेले होते, आणि एक लिटर सूर्यफूल तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर छापणे आता बंधनकारक असल्यामुळे आज मी प्रत्येक पिशवीवरचा तोच बारीक आकडा वाचला, आणि आईलाही तो कुठे पाहायचा हे दाखवले. पुढच्या महिन्यात तांदळाची तुलना करणार आहे.