कोरोलेव्ह जगले असते तरी...

आज दिवसभर ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ या पर्यायी इतिहास रंगवणाऱ्या टीव्ही मालिकेवरच्या प्रतिक्रिया वाचतोय. पहिल्या भागात जून १९६९ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्ह सर्वांत आधी चंद्रावर उतरतो, आणि बहुतेक प्रेक्षकांना हे सहज पटतं: सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोलेव्ह १९६६ मध्ये वारले नसते, तर चंद्राची शर्यत सोव्हिएत संघच जिंकला असता. मला नाही पटत. सोव्हिएत संघाच्या एन-१ या चांद्र रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिनं होती. त्या इंजिनांतल्या काही झडपा स्फोटकांवर चालणाऱ्या, म्हणजे एकदाच वापरायच्या. त्यामुळे चाचणी घेतलेलं इंजिन उडवताच येत नसे. सहांपैकी दोन पेटवून बघायची आणि उरलेली चार विश्वासावर बसवायची! पूर्ण टप्पा जमिनीवर एकत्र पेटवून पाहायची सोयही बांधली नव्हती. चारही उड्डाणं फसली. इंजिनांचे रचनाकार ग्लुश्को यांच्याशी इंधनावरून झालेलं भांडण तर कोरोलेव्ह हयात असतानाचंच.

मालिकेत अमेरिकेचं स्पेस शटल चंद्रापर्यंत नेल्याबद्दल जे चिडलेत, ते मात्र बरोबर आहेत. पृथ्वीच्या कक्षेतून चंद्राच्या कक्षेत शिरायला वेगात सेकंदाला साधारण ४ किलोमीटरचा बदल लागतो. ऑर्बिटरच्या, म्हणजे शटलच्या विमानासारख्या यानाच्या, कक्षीय इंजिनांची कुवत सेकंदाला जेमतेम ३०० मीटर. शिवाय परतताना वातावरणात शिरायचं ते सेकंदाला ११ किलोमीटरने, आणि शटलच्या उष्णतारोधक फरशा ७.८ साठी घडवलेल्या.

‘घरगुती भांडणं फार’ ही तक्रार मी सोडून देतो. चंद्रावरच्या शॅकलटन विवराजवळचा बर्फ आणि मालिकेतला अमेरिकेचा जेम्सटाउन हा चांद्रतळ यांसाठी मालिका जरूर बघा.