पेळू चपटा होऊ न देता

आर्वी तालुक्यातील आपल्या शाळेत सूतकताईचा तास असे आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एअर रायफलचा सराव असे. माझ्या आठवणीत या दोन्ही गोष्टी नेहमी एकत्रच येतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले आमचे क्रीडाशिक्षक मागच्या पटांगणात रेतीची पोती रचून त्यांवर कागदी निशाण लावत आणि १० मीटर मोजून चुन्याची रेघ ओढत. रायफल एकच होती. स्प्रिंगची, नळी मोडून भरायची, ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याची.

नववीत ती प्रथम हाती आली, तेव्हा वखराचे रुमणे दाबून धरावे तशी मी ती खांद्यात रोवून धरली. छर्रे कागदभर विखुरले, आणि माशीच (नळीच्या टोकावरची, नेम धरायची खूण) वाकडी आहे अशी माझी खात्री झाली. सरांनी काही न बोलता त्याच रायफलीने पाच छर्रे मारले. रुपयाच्या एका नाण्याखाली ते सगळे झाकले गेले. मग म्हणाले, "अरे, तिले आवळू नोको. तिले उडू दे, पण दरवेळी सारखी उडू दे."

त्यामागचे कारण त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावले होते. चाप ओढताच स्प्रिंग सुटून दट्ट्या (पिस्टन) पुढे झेपावतो, म्हणून रायफल आधी मागे सरकते, आणि दाबलेल्या हवेवर दट्ट्या थबकला की ती पुढे हिसका घेते. ही हालचाल छर्रा नळीत असतानाच सुरू झालेली असते. पकड कधी घट्ट, कधी सैल राहिली, तर नेम अचूक असूनही छर्रा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी जातो. (याच हवेच्या उशीअभावी दट्ट्या थेट आदळतो, म्हणून छर्रा न भरता चाप ओढण्यास सरांची सक्त मनाई होती.)

सरांनी कताईच्या तासाचा पेळू, म्हणजे सूत काढायची पिंजलेल्या कापसाची मऊ गुंडाळी, मागवला. रायफलीचा भार माझ्या उघड्या डाव्या तळव्यावर ठेवून त्यांनी बोटांची टोके आणि दस्त्याची (रायफलीच्या लाकडी भागाची) बाजू यांच्यामध्ये तो अडकवला. चाप ओढल्यावर पेळू चपटा दिसला, की बोटे आवळली गेली होती हे मलाच कळे. तळवा जिथे टेकायचा तिथे दस्त्यावर खडूची खूण असे, कारण हात चार बोटे पुढेमागे झाला तरी छऱ्याची जागा बदलते. उजवा अंगठा दस्त्याभोवती न गुंडाळता बाजूला नुसता ठेवायचा, दस्ता खांद्याला केवळ टेकवायचा आणि छर्रा कागदावर लागल्याचा आवाज येईपर्यंत गाल उचलायचा नाही. मला सर्वांत जड गेले ते डोळे मिटून उघडण्याचे: उघडल्यावर माशी निशाणावरून सरकलेली दिसली, तर हातांनी ओढून न आणता पाय हलवून उभे राहणे बदलायचे. दोन महिने गेले, तेव्हा कुठे माझे पाच छर्रे बशीएवढ्या जागेतून नाण्याएवढ्या जागेत आले.

अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक जिंकल्यापासून गावातील मुले मला नेमबाजीविषयी विचारतात. स्पर्धेतील रायफल दाबलेल्या हवेवर चालते आणि जवळजवळ हिसका देत नाही. तिची पकड पाहून स्प्रिंगची रायफल धरली, तर मुलांची निराशाच होते. शाळेने शनिवारचा सराव पुन्हा सुरू करावा, अशी माझी विनंती आहे. रेतीची पोती मी आणीन, खडू आणि पेळूही आणीन.