खेळाडूचा कोच होताना: भुसावळ, पुणे आणि परत भुसावळ

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला. क्रिकेटची बॅट कुणाकडे ना कुणाकडे असायचीच, फुटबॉल मात्र सगळ्या कॉलनीत मिळून एक. पप्पांसोबत ड्युटी करणारे केरळचे, बंगालचे काका संध्याकाळी मैदानात उतरायचे. आम्ही पोरं गोलच्या मागं बॉल आणून द्यायला उभी. कुणी कमी पडलं की आम्हाला आत घ्यायचे. माझं फुटबॉलचं शिक्षण हे एवढंच.

कॉलेजच्या निमित्तानं पुण्याला गेलो आणि एका स्थानिक क्लबमध्ये लेफ्ट बॅक म्हणून, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळायला लागलो. आमच्याकडं 'भाऊ'ला 'भो' म्हणतात; माझ्या प्रत्येक 'भो'ला टीममध्ये हशा पिकायचा. बॉल पायात आला की हसणं थांबायचं, म्हणून मीही फार मनावर घेतलं नाही. त्या काळात बालेवाडीला पुणे एफसीच्या मॅच बघायला जायचो, मुख्यतः अराता इझुमीसाठी. जन्म जपानचा, आई जपानी, वडील गुजराती वंशाचे. 2006 मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडून खेळायला भारतात आला, मग मुंबईची महिंद्रा युनायटेड, मग पुणे. भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच लागतो आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. त्यानं जपानचा पासपोर्ट सोडला, 2012 मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं आणि 2013 मध्ये भारताकडून खेळला. पुढं नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत पोरांचा कोच झाला. त्याच्या आधीच्या पिढीतले जमशीद नासिरी इराणहून अलिगढला शिकायला आले, 1980 मध्ये ईस्ट बंगालकडून खेळले आणि कोलकात्याचेच होऊन गेले. तेही पुढं कोचिंगमध्ये उतरले.

मी आपला भुसावळहून पुण्याला गेलेला, त्यांच्याशी बरोबरी कसली! पण गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि 'आता पुढं काय' हे मला यांच्याकडं बघूनच सुचलं.

परत आलो, एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागलो. संध्याकाळी पोरं जमवायला सुरुवात केली तर पालकांचा पहिला प्रश्न, "सर, तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का?" रास्त होता. तेव्हा डी लायसन्सच्या, म्हणजे फुटबॉल कोचिंगच्या सुरुवातीच्या परवान्याच्या मागं लागलो.

कागदपत्रांचं फारसं काही नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी करायची आणि कोर्स निघण्याची वाट बघायची. महाराष्ट्रात हे काम राज्य संघटनेकडून, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडून चालतं. जागा मोजक्या असतात, पटकन भरतात. जळगावात कधीतरी निघेल म्हणून बसून राहण्यात अर्थ नव्हता. रात्रीची गाडी पकडली आणि मुंबई गाठली.

आठवडाभराच्या कोर्सात सकाळी वर्ग, दुपारी मैदान. सोबत कोल्हापूरची दोन पोरं होती, तालमीच्या संघांत वाढलेली. त्यांच्याकडं पेठांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं हे ऐकून मला नुसता हेवा वाटला. वर्गातलं बरंचसं वाचून येण्यासारखं होतं, नियम वगैरे. खरा घाम मैदानावर निघाला.

शेवटी प्रत्येकानं एक सेशन घ्यायचं, विषय चिठ्ठीतून. मला आलं, 'पास घेताना अर्धं वळून उभं राहणं'. लेफ्ट बॅकला हे सांगावं लागत नाही. बॉल यायच्या आधी मान आपोआप खांद्यावरून मागं फिरते, लांबच्या पायावर बॉल घेतला जातो आणि तोंड पुढच्या मैदानाकडं होतं. पण दहा वर्षांच्या पोराला हे सांगायचं कसं? 'वळून उभा राहा' म्हटलं तर ते नुसतं वळून उभं राहतं, कशासाठी ते त्याला कळत नाही. आमच्या प्रशिक्षकांचं म्हणणं एकच : "तू बोलतोस तेवढा वेळ पोरं उभी असतात."

मग भाषणाऐवजी खेळालाच नियम लावला. कोन ठेवून चौकोन आखला. चौघं कडेला, दोघं मधे बॉल हिसकावायला. लांबच्या पायानं बॉल घेऊन दुसऱ्या बाजूला पास दिला की एक पॉइंट. पॉइंट हवा तर मान फिरवावीच लागते. मधे एकदाच शिट्टी मारली, सगळे जागच्या जागी थांबले. बॉल मी स्वतः घेऊन दाखवला आणि खेळ पुन्हा चालू. अजून एक गोष्ट तिथंच पक्की झाली : सूर्य कोचच्या तोंडावर हवा, पोरांच्या नाही. भाषा न येणारे परदेशी खेळाडू कोच म्हणून का टिकत असावेत, याचा मला तेव्हा अंदाज आला. करून दाखवायची सवय त्यांना आधीपासूनच असते.

लायसन्स मिळालं. पण मुंबईतल्या कृत्रिम गवतावरचं सेशन आमच्या काळ्या मातीत तसंच्या तसं उतरत नाही. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यामुळं बॅच सकाळी सहाला सुरू आणि ऊन चढायच्या आत बंद, दर दहा मिनिटांनी पाणी. भेगांवर बॉल वेडावाकडा उसळतो, म्हणून उन्हाळ्यात पासिंग कमी आणि बॉल पायाजवळ ठेवायचा सराव जास्त. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचाच बॉल. मोठ्या पोरांचा पाच नंबरचा बॉल देऊन लहानांना दमवणारे अजून बरेच आहेत.

पोरं सावदा, फैजपूरहूनही येतात, घरी केळीचे मळे असणारी. त्यांच्या वडिलांचा ठरलेला प्रश्न, "यानं नोकरी लागते का भो?" सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे हे मी सांगतो, आणि त्यासाठी कुठल्या पातळीवर खेळून पदक आणावं लागतं तेही सांगतो. त्यातले अर्धे तिथंच गप्प होतात. उरलेल्यांची पोरं दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी मैदानावर हजर असतात. माझं आता सी लायसन्सचं, म्हणजे डीच्या पुढच्या पायरीचं चाललंय. तो कोर्स आशियाई फुटबॉल महासंघाचा, बराच लांबलचक, आणि शाळा तेवढी रजा देईल का, यावर सगळं अडलंय.