तुटओळींची गाठ सुटली: ‘द अ‍ॅड्युलेटर’ची प्रगती आणि पुढचा बदललेला बेत

गेल्या नोंदीत काम जिथे अडले होते ती गाठ अखेर सुटली आहे, आणि म्हणून ठरलेल्या वेळेआधीच ही नोंद लिहीत आहे. अठराव्या शतकातील अमेरिकन लेखिका मर्सी ओटिस वॉरेन यांच्या ‘द अ‍ॅड्युलेटर’ या पद्यनाटकाचे बोस्टनच्या ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ या वृत्तपत्रात आलेले दोन्ही भाग, म्हणजे २६ मार्च आणि २३ एप्रिल १७७२ च्या अंकांतले, आता पात्रवार लावून झाले आहेत. कोणती ओळ कोणाच्या तोंडी आहे आणि ती कुठे संपते, हे सांगता येत नाही अशी जागा त्यांत उरलेली नाही. वसाहतकालीन वृत्तपत्रांतील पद्यसंवाद जे हौसेने उतरवून काढतात त्यांना यातला आनंद समजावून सांगण्याची गरज नाही.

अडचण तुटओळींची होती, हे तुम्हाला आठवत असेलच. वृत्तपत्राचा स्तंभ अरुंद, त्यात आरंभी पात्राचे नाव, आणि पुढे पेंटामीटर या इंग्रजी वृत्ताची दहा अक्षरी ओळ. ती मावली नाही की खिळे जुळवणारा तिचे शेवटचे एक-दोन शब्द खालच्या किंवा वरच्या ओळीच्या मोकळ्या जागेत सरकवून देई, आणि पुष्कळदा त्यांच्याआधी एक चौकोनी कंस टाकी. हीच तुटओळ. दुसरीकडे वाटओळ असते, जिथे एक पात्र ओळ अर्ध्यावर सोडते आणि दुसरे पात्र तीच ओळ पूर्ण करते. पुस्तकात हा दुसरा तुकडा आत सरकवून छापण्याची सोय असते, पण स्तंभात तेवढी जागा नसते. त्यामुळे मजकूर यंत्राने वाचून घेतला की तुटओळ आणि वाटओळ हे दोन्ही नुसते आखूड तुकडे म्हणून समोर येतात. त्यातच नाव पुसट छापलेले असेल किंवा मागच्या पानाची शाई उमटून झाकले गेले असेल, तर ब्रूटस या पात्राचे वाक्य कॅशियस या पात्राच्या नावावर जमा होते आणि पुढचा सगळा संवाद एका पावलाने चुकत जातो.

यावर उपाय सापडला तो शब्दलेखनात. अठराव्या शतकातील पद्याचे मुद्रक न उच्चारला जाणारा स्वर गाळून तिथे लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) देत असत. भूतकाळाच्या प्रत्ययातला स्वर म्हणायचा नसेल तर तो छापलेलाच नसतो, आणि छापलेला असेल तर तो बहुधा अक्षर म्हणून मोजायचा असतो. ‘हेवन’, ‘पॉवर’, ‘ओव्हर’ असे शब्दही आखडून छापलेले दिसतात. म्हणजे ओळीची अक्षरसंख्या मुद्रकानेच आपल्यासाठी नोंदवून ठेवलेली आहे आणि आजच्या इंग्रजी गद्यापेक्षा ती कितीतरी अधिक भरवशाची आहे. हे ध्यानात घेऊन स्वरसमूह मोजणारा एक साधा नियमसंच लिहिला. तो प्रत्येक आखूड तुकडा आधीच्या तुकड्याला जोडून पाहतो. बेरीज दहा झाली आणि मध्ये पात्राचे नाव नसेल तर ती तुटओळ ठरते. बेरीज दहा झाली आणि मध्ये नाव असेल, किंवा नाव असावे अशी पुसट जागा असेल, तर ती वाटओळ ठरते. एकाची चार अक्षरे आणि दुसऱ्याची सहा अशी जोडी पहिल्यांदा आपोआप जुळून आली, तेव्हा तो प्रवेश मी सलग मोठ्याने वाचून काढला. अभंगाचे सहा-सहा-सहा-चार लहानपणापासून बोटांवर मोजलेल्या माणसाला ही पद्धत इतकी ओळखीची वाटते की ती आधी कोणी वापरून पाहिली नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. कोणाच्या पाहण्यात असेल तर अवश्य कळवावे.

उरलेल्या अडचणी लहान होत्या, तरी नोंदवून ठेवतो. ओळीच्या शेवटी एक निराघात अक्षर जास्त येऊ शकते, म्हणून अकरा ही संख्याही मान्य करावी लागते, आणि तेवढ्याने चुकीच्या जोडण्यांना वाव मिळतो. रापाशिओ हे नाटकातल्या खलनायकाचे नाव वृत्ताच्या सोयीप्रमाणे तीन किंवा चार अक्षरांचे धरता येते, तेव्हा नियमसंचाला दोन्ही मापे द्यावी लागली. ‘लांब एस’चे, म्हणजे त्या काळी छापल्या जाणाऱ्या ‘एस’च्या उंच रूपाचे, दुखणे तर सर्वांनाच माहीत आहे. त्याची आडवी रेघ फक्त डावीकडे असते, आणि ती फिकट झाली किंवा उजवीकडे शाई पसरली की यंत्र त्याला ‘एफ’ समजते. शब्दाच्या शेवटी लांब एस येत नाही, त्यामुळे तिथला ‘एफ’ निःशंक खरा मानावा, ही एक खात्रीची वाट आहे. पण ‘फेम’ आणि ‘सेम’, ‘फाइट’ आणि ‘साइट’ अशा जोड्यांत दोन्ही शब्द शुद्ध असतात, दोन्ही वृत्तात बसतात, आणि राजकीय पद्यात अर्थानेही दोन्ही शोभू शकतात. अशा जागा डोळ्यांनीच तपासाव्यात. तिथे शब्दकोशावर आधारलेली आपोआप दुरुस्ती मी पूर्णपणे बंद ठेवतो आणि इतरांनीही तसेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

पात्रवार मजकूर सलग वाचताना वॉरेन यांचे कसब नव्याने लक्षात येते. ब्रूटस, कॅशियस आणि ज्युनियस हे देशभक्त एकमेकांशी बोलतात. रापाशिओ मात्र आपल्या घरी एकटा बोलतो आणि मनासारखे घडल्याबद्दल त्या दिवसाचे स्वागत करतो. ‘अप्पर सर्व्हिया’ म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि रापाशिओ म्हणजे गव्हर्नर थॉमस हचिन्सन, हे बोस्टनच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. या आवरणाची गरजही खरी होती. आदल्याच नोव्हेंबरात, १७७१ मध्ये, ‘म्यूशियस स्केव्होला’ या टोपणनावाच्या लेखात हचिन्सनला सत्ता बळकावणारा म्हटल्याबद्दल ‘स्पाय’चे मुद्रक आयझाया थॉमस यांच्यावर खटला भरण्याचा प्रयत्न झाला होता, आणि ग्रँड ज्युरीने आरोप दाखल करून घेतला नाही म्हणूनच तो फसला. शिवाय १७५० च्या कायद्याने मॅसॅच्युसेट्समध्ये नाट्यप्रयोगांना बंदी होती. ‘भव्य संचलनभूमीवर लोकरंजनार्थ सादर होणार’ अशा थाटाच्या जाहिरातीने सुरू होणारे हे नाटक रंगमंचावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. वृत्तपत्राचा स्तंभ हाच त्याचा रंगमंच होता, आणि म्हणून त्या स्तंभातली प्रत्येक तुटओळ नीट लावणे मला महत्त्वाचे वाटते.

साधनांविषयी थोडे. जुन्या मायक्रोफिल्मवरून तयार केलेल्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रतिमा या कामाला निरुपयोगी आहेत, कारण लोपचिन्ह, स्वल्पविराम आणि कागदावरचा डाग यांतला फरक त्यांत नाहीसा होतो. वर्गणी भरून मिळणाऱ्या एका संग्रहात मला हाच अनुभव आला, आणि लोपचिन्हे गेली की वर सांगितलेला सगळा नियमसंच आंधळा होतो. याउलट मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने हार्बॉटल डॉर यांच्या संग्रहाच्या रंगीत प्रतिमा सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत आणि त्या अप्रतिम आहेत. डॉर हे बोस्टनमधले लोखंडी सामानाचे दुकानदार. १७६५ पासून त्यांनी शहरातली वृत्तपत्रे जमवली, समासांत टिपा लिहिल्या, स्वतः सूची तयार केली आणि त्यांचे चार खंड बांधले. चौथा खंड सोसायटीकडे २०११ मध्ये आला. टोपणनावामागे कोण आहे हे त्या काळच्या एका जागरूक वाचकाच्या हस्ताक्षरात वाचायला मिळणे ही आपल्यासारख्यांसाठी फार मोठी देणगी आहे. नवीन मंडळींनी सुरुवात तिथूनच करावी.

आता बेत का बदलला ते सांगतो. या महिन्यात वॉरेन यांच्याच ‘द डिफीट’ या नाटकाकडे वळायचे ठरले होते. ‘बोस्टन गॅझेट’मधले त्याचे दोन भाग २४ मे आणि १९ जुलै १७७३ चे आहेत, आणि त्या दोन तारखांच्या मधल्या जूनमध्येच हचिन्सनची खाजगी पत्रे छापून बाहेर आली, त्यामुळे ते काम मोहक आहे. पण वाटओळींची यादी करताना वेगळीच शक्यता दिसली. १७७३ मध्ये ‘द अ‍ॅड्युलेटर’ पाच अंकी पुस्तिका म्हणून निघाले, आणि त्यात एका अज्ञात हाताने आपला मजकूर मिसळल्याची तक्रार स्वतः वॉरेन यांनीच नोंदवून ठेवली आहे. बोस्टन हत्याकांडाच्या (१७७० मध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबाराच्या) संदर्भातले प्रवेश या भरीत मोडतात असे सामान्यतः मानले जाते. ओळ मध्येच सोडून दुसऱ्या पात्राकडे देण्याची सवय प्रत्येक लेखकाची वेगळी असते. कोणी वारंवार ओळ वाटतो, कोणी भाषण नेहमी पूर्ण ओळीवरच संपवतो. तेव्हा वृत्तपत्रातले प्रवेश आणि पुस्तिकेतले वाढीव प्रवेश यांतील वाटओळींचे प्रमाण, ती ओळ कोणत्या अक्षरानंतर तुटते ती जागा, आणि अकरा अक्षरी ओळींचे प्रमाण, अशा तीन गोष्टी शेजारी मांडून पाहायच्या आहेत.

वृत्तपत्रातला मजकूर थोडा आहे, आणि तेवढ्यावर निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. म्हणून तुलनेसाठी वॉरेन यांचे ‘द ग्रुप’ हे नाटक घ्यावे लागेल. त्याचे अंश २३ जानेवारी १७७५ च्या ‘बोस्टन गॅझेट’मध्ये आणि तीन दिवसांनी ‘स्पाय’मध्ये आले होते, आणि त्याचे कर्तृत्व वॉरेन यांचेच असल्याची ग्वाही जॉन अ‍ॅडम्स यांनी १८१४ मध्ये दिली. हेझलरॉड, म्हणजे न्यायाधीश पीटर ऑलिव्हर, हे पात्र दोन्ही नाटकांत आहे, तेव्हा एकाच पात्राची बोलण्याची लकब दोन वेळी कशी उतरली तेही पाहता येईल. त्यामुळे क्रम आता ‘द ग्रुप’, मग पुस्तिका, आणि नंतर ‘द डिफीट’ असा राहील. अमेरिकन कवी फिलिप फ्रेनो यांचे, इंग्लंडचा राजा जॉर्ज आणि ब्रिटिश राजकारणी फॉक्स यांच्यातले संभाषण तूर्त बाजूला ठेवतो. ते अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातले आहे, आणि त्याला पुरेसा वेळ द्यायला हवा.

दोन किरकोळ गोष्टी पूर्ण झाल्या. जॉन डिकिन्सन यांचे ‘लिबर्टी साँग’ (‘बोस्टन गॅझेट’, १८ जुलै १७६८), त्याच वृत्तपत्रात २६ सप्टेंबरला आलेले त्याचे विडंबन आणि त्या विडंबनाचेही पुन्हा केलेले विडंबन, ही तिन्ही गाणी कडव्यागणिक समोरासमोर लावून झाली. एकाच चालीवर, ‘हार्ट ऑफ ओक’वर, तिन्ही म्हणता येतात आणि एकापाठोपाठ म्हटली की कलगी-तुऱ्याचा सामना ऐकल्यासारखे वाटते. एका कवितेत दोन पात्रे नसली तरी अंकामागून अंक चाललेला हाही पद्यसंवादच आहे, आणि आपल्या यादीत त्याला जागा हवी असा माझा आग्रह आहे.

दुसरे काम ‘मेरी व्ही. व्ही.’ या नावाने १७७४ मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या पुस्तिकेचे, ज्यात कॉन्टिनेंटल काँग्रेसहून (अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेहून) परतलेला दक्षिणेकडचा प्रतिनिधी आणि त्याची पत्नी यांचा संवाद आहे. तू स्वतःला क्रॉमवेल समजतोस की मंक (सतराव्या शतकातले इंग्लंडचे दोन सेनानी), असे ती नवऱ्याला विचारते, आणि राज्याचा कारभार पचवण्याइतकी तुझ्या डोक्याची खोली आहे का, असेही विचारते. ब्रिटिश राजाशी निष्ठा राखणाऱ्या पक्षाचा इतका जिवंत आवाज दुसरीकडे क्वचितच सापडतो. ही रचना सयमक आहे, आणि इथे अक्षरे मोजावीच लागत नाहीत, कारण यमक जिथे पूर्ण होते तिथे ओळ संपते. हे पाहिल्यावर नियमसंचात यमकाची कसोटी वेगळी जोडावी असे वाटू लागले आहे. ती तयार झाली की फ्रेनो यांची सयमक संभाषणेही त्याच वाटेने जातील.

‘द अ‍ॅड्युलेटर’च्या १७७३ च्या पुस्तिकेची करड्या छटांतली, लोपचिन्हे स्पष्ट दिसणारी प्रतिमा कोणी पाहिली असल्यास ती कुठे आहे ते कळवावे. माझ्याजवळच्या प्रतीत वाढीव प्रवेशांतल्या काही पानांवरचे समास कापले गेले आहेत आणि नेमकी पात्रांची नावे तिथेच गेली आहेत. नियमसंच आणि दोन्ही भागांचा लावलेला मजकूर ज्याला हवा असेल त्याला पाठवीन. रापाशिओच्या स्वगतातल्या अकरा अक्षरी ओळी मी पिवळ्या रंगाने दाखवल्या आहेत, त्या आधी तपासून द्याव्यात.