आयोवाची माणसं आणि माळव्याचा गहू

आयोवा हे अमेरिकेच्या मध्यातलं शेतकी राज्य. २०२० च्या मोजणीत तिथे ३१ लाख ९० हजार माणसं भरली. आपल्या इंदूर जिल्ह्यात २०११ सालीच ३२ लाख ७६ हजार होती, म्हणजे अख्खं राज्य आपल्या एका जिल्ह्याएवढं. तिथले नामवंत म्हटलं की विंटरसेटचा नट जॉन वेन, क्लॅरिंडाचा वाद्यवृंदकार ग्लेन मिलर आणि वेस्ट ब्रांचचे राष्ट्राध्यक्ष हूवर ही नावं हमखास येतात. असोत बापडे. माळव्यातल्या ताटाशी नातं आहे ते दुसऱ्याच तिघांचं, आणि हे तिघं एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत.

पहिला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, कृषिशास्त्रज्ञ. जन्म मिसुरीतला, गुलामगिरीतला. काटेकोर बोलायचं तर तो आयोवाचा नव्हेच. पण घडला तिथे. १८९० मध्ये तो सिम्पसन कॉलेजात चित्रकला शिकायला आला. कलाशिक्षिका एटा बडने त्याची झाडापानांची जाण ओळखली आणि त्याला एम्सच्या शेतकी कॉलेजकडे वळवलं. तिचे वडील तिथे प्राध्यापक होते. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये पदव्युत्तर. त्या कॉलेजातला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी तोच आणि अध्यापकही तोच. एम्समध्ये वॉलेस कुटुंबातला एक लहानगा, हेन्री, त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडून वनस्पती ओळखायला शिकला.

हा हेन्री वॉलेस दुसरा. त्या काळी आयोवात मक्याच्या कणसांच्या स्पर्धा भरत. सरळ ओळी, गोल आकार, टोकापर्यंत भरलेला दाणा, की बक्षीस! वॉलेसने शाळकरी वयातच कणसागणिक दाणे वेगळे पेरून उतारा मोजला, तर सर्वांत देखणं कणीस उताऱ्यात तळाशी. (इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणाऱ्याला हे नवं वाटायला नको, कणसाच्या रूपावर कीस चांगला होत नाही.) १९२६ मध्ये त्याने संकरित बियाण्याची कंपनी काढली. पुढे कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्ष झाला, पण खरं काम हेच.

संकरित मक्याचं बी करणं वाटतं तितकं सोपं नाही. मादी वाणाच्या चार ओळी, मग नराची एक किंवा दोन. भोवती साधारण २०० मीटरपर्यंत दुसरा मका नको. मादी ओळींतले तुरे पराग सुटायच्या आत उपटायचे. सगळी झाडं एकदम तुऱ्यावर येत नाहीत, म्हणून फेऱ्या मारत राहायच्या. तुरा राहिला तर मादीचं स्वतःशीच फलन होतं आणि तेवढं बी खुरटं निघतं. ही मजुरी वाचवायला पुढे नरवंध्य, म्हणजे तुऱ्यात पराग न धरणारा, मका आला, तर १९७० मध्ये पानांवरच्या करप्याने नेमका तोच पकडला आणि अमेरिकेचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. मादीचं पेशीद्रव्यच सगळीकडे एकसारखं होतं. शिवाय संकरिताचं बी घरी राखून पेरलं की पुढच्या पिढीत गुण फुटतात, उतारा घसरतो. दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते ती त्यामुळे.

१९४० मध्ये वॉलेस मेक्सिकोत गेला आणि तिथली शेती पाहून आल्यावर त्याने तिथलं पीक सुधारायला रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी दानसंस्थेला गळ घातली. १९४३ मध्ये काम सुरू झालं, १९४४ मध्ये त्यात तिसरा दाखल झाला: नॉर्मन बोरलॉग, आयोवातल्या क्रेस्कोजवळच्या शेतावर १९१४ साली जन्मलेला. त्याने गव्हाची पिढी उन्हाळ्यात तोलुकाच्या पठारावर, सुमारे २६०० मीटर उंचीवर घेतली आणि हिवाळ्यात सोनोराच्या सपाटीवर. वर्षाला दोन पिढ्या मिळाल्याच, शिवाय दोन्हीकडे टिकला तो वाण दिवसाच्या लांबीचं सोयरसुतक न ठेवणारा निघाला. एरवी मेक्सिकोचा गहू हिंदुस्थानात रुजता ना.

उंच गव्हाला खत वाढवलं की तो लोळतो. जपानी ठेंगण्या वाणाच्या संकराने ते थांबलं. १९६६ मध्ये भारताने १८,००० टन मेक्सिकन बियाणं आणलं. पण ठेंगणा गहू मुळाकडूनच वेगळा. काळ्या मातीत ओल शोधत जुना गहू तिफणीने खोल पेरायची सवय होती. ठेंगण्याच्या कोंबाचं आवरण आखूड असतं, तेवढ्या खोलीतून तो वर येतच नाही. तीन बोटं, म्हणजे ५ सेंटिमीटर, त्याखाली नको. पहिलं पाणी २१ व्या दिवसाच्या आसपास, खोडाच्या बुडाशी मुकुटमुळं फुटतात तेव्हा. ते चुकलं की फुटवे कमी आणि मग खत ओतून उपयोग नाही.

दुसरी अडचण रंगाची: दाणा लालसर, पोळी काळपट. आपल्या संशोधकांनी पिवळसर दाण्याचे कल्याण सोना आणि सोनालिका निवडून काढले तेव्हा मंडीत भाव मिळाला. बाफल्यांसाठी, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसाठी, माळव्याला कठिया हा कडक दाण्याचा गहू लागतो, पण इंदूरच्या गहू केंद्राचा मालव शक्तीसारखा कठियाही आता ठेंगणाच आहे.