मामाची शुक्रवारची इंजेक्शनं

गेल्या आठवड्यात व्हायरलने आडवी होते, १०२ ताप, अंग तर वरवंट्याने ठेचल्यासारखं, आणि मामा कोपरीहून पेज घेऊन आला, कपाळाला हात लावून म्हणाला, "शुक्रवारच्या रात्रीसारखं होतंय ना गं?"

मामाला २००९ मध्ये हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरचा व्हायरल आजार निघाला होता. आताच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या, २४ आठवडे दर शुक्रवारी पोटावर इंटरफेरॉनचं इंजेक्शन, त्याच्या जोडीला रोज रिबाविरिन हे व्हायरसवरचं औषध. इंजेक्शन घेतलं की रात्री हुडहुडी, दोन-दोन चादरी, शनिवार अख्खा कण्हण्यात. मामी म्हणायची औषध बाधतंय. मी शाळेत होते, मलाही तसंच वाटायचं. पुढे बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं तेव्हा कळलं की त्या सिरिंजमध्ये होतं ते आपलं शरीर स्वतःही बनवतं, फ्लूमध्ये अंग मोडून येतं त्यातला बराच भाग व्हायरसचा नसतोच, इंटरफेरॉनचा असतो!

१९५७ साली लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर काम करताना ते शोधलं. आपल्यात इंटरफेरॉनच्या अल्फा प्रकाराचे १३ जीन्स आणि बीटा प्रकाराचा एक, सगळे ९ नंबरच्या क्रोमोसोमवर शेजारी शेजारी, एरवी जवळजवळ गप्प. पेशीत व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय साहित्य, सापडला की ते चालू होतात आणि इंटरफेरॉन बनतं. मला आमची जुनी बैठी चाळ आठवते, पावसात पहिल्या घरात पाणी शिरलं की तिथली काकू ओरडायची आणि तिचं सामान भिजलं तरी पुढची घरं धान्याचे डबे वर चढवून मेन स्विच बंद करायची. तसंच, इंटरफेरॉनमधून शेजारच्या पेशींना सांगावा मिळतो, त्यांच्यात शेकडो जीन्स जागे होतात, पीकेआर नावाचं प्रोटीन व्हायरस आत आलाच तर पेशीचं प्रोटीन बनवणंच थांबवतं म्हणजे व्हायरसलाही काही बनवता येत नाही, आरनेस-एल नावाचं दुसरं प्रोटीन त्याचा आरएनए कापून टाकतं.

आणि ही हाक दाबली गेली तर? २०२० मध्ये कोविडच्या ९८७ अत्यवस्थ पेशंट्सचं रक्त तपासलं, त्यातल्या १०१ जणांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडीज सापडल्या, आणि त्यातले ९५ पुरुष. इतर काही पेशंट्समध्ये तर या यंत्रणेच्या जीन्समध्येच जन्मापासून बिघाड होता. त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधले एक काका गेले, कसला आजार नाही, रोज तलावपाळीला फेऱ्या मारणारे. त्यांच्या बाबतीत काय झालं ते कुणी तपासलं नाही, पण त्या तपासणीचा रिसर्च पेपर वाचताना मला सारखे तेच दिसत होते. उलट हे जीन्स बंदच झाले नाहीत तरी त्रास, ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या बऱ्याच पेशंट्समध्ये तसं दिसतं.

मामाला हे सगळं पेज पिता पिता सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तेव्हा मी कण्हत होतो तेव्हा आतमध्ये काम चालू होतं?" म्हटलं, हो मामा, चोवीसही आठवडे.