लाल पट्टीला ‘गाळाचा खडक’ म्हणण्याआधी

आजचा दिवस नाशिककडच्या घाटातल्या एका लाल पट्टीसमोर गेला. वर बेसाल्ट (थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक), खाली बेसाल्ट, मध्ये वीतभर लाल थर. असा थर पुष्कळदा गाळाचा नसतोच. खालचा लाव्हा जागच्या जागी कुजून झालेली ती जुनी माती असते.

आधी कुदळीने वरचा ओघळ खरवडून ताजा छेद काढा. जाडी थराला काटकोनातच मोजा, तिरकी मोजली की थर फुगतो. ३ ते १० सेंटिमीटर म्हणजे पातळ बेड (थर), १ सेंटिमीटरच्या आत लॅमिना (पापुद्रा). चिमूटभर दाताखाली करकरलं तर सिल्ट (रेतीहून बारीक कण), लोण्यासारखं लागलं तर क्ले (चिकणमाती). मुख्य खूण मात्र खालच्या सीमेची: ती बेसाल्टमध्ये हळूहळू विरत असेल तर माती. सीमा धारदार, आत आडव्या रेघा, गोड्या पाण्यातले शंख असले, तर तळ्यातला गाळ, म्हणजेच इंटरट्रॅपियन (दोन लाव्हांच्या मधला).

नाव रंगावरून देऊ नका, कृपया! लोहाच्या ऑक्साइडचा लाल रंग कशालाही चढतो. नाव गावावरून द्यावं. लमेटा हे खडकथरांचं नाव जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून आलं. आणि नकाशावर दाखवता येत नाही इतक्या पातळ थराला फॉर्मेशन (खडकांचा मोठा गट) म्हणू नये, बेड म्हणावं.